दोस्त देशांमधली कराराची बोलणी कशी समजून घ्यायची

रासायनिक अस्त्रबंदी कराराचा अभ्यास करताय ना, मग आधी बातम्या बाजूला ठेवा आणि कराराचा मसुदा उघडा, कारण अस्त्रं वाईट यावर अमेरिका-ब्रिटनचं एकमतच होतं, वाद होता तो एकेका शब्दावर. पहिल्या कलमाचा पाचवा परिच्छेद काढा. अश्रुधुरासारखे पदार्थ ‘युद्धपद्धती’ म्हणून वापरायचे नाहीत एवढंच लिहिलंय, पण युद्धपद्धती म्हणजे काय याची व्याख्याच दिलेली नाही, आणि तिथेच खरी मेख आहे. अमेरिकेकडे 1975 चा राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचा आदेश होता, काही बचावात्मक प्रसंगी वापर चालेल म्हणणारा, ब्रिटनला ते मान्य नव्हतं. म्हणून कुठलाही मोघम शब्द दिसला की विचारा, हा कोणासाठी मोघम ठेवलाय?

मग तारखा लावून भूमिका बघा. 1984 मध्ये जिनिव्हात अमेरिकेनेच ‘कधीही, कुठेही’ तपासणी मागितली आणि 1991 मध्ये तीच मागे सरली, कारण तपासनीस आपल्याही गुप्त लष्करी ठिकाणी येणार हे लक्षात आलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, मागणी करणाऱ्याने स्वतःच्या दाराचाही विचार करायलाच हवा.

शेवटी तडजोडीची किंमत आकड्यांत शोधा. तपासनिसांची टीम देशात पोचल्यापासून 108 तासांत संशयित ठिकाणी प्रवेश, तपासणी जास्तीत जास्त 84 तास, आणि संवेदनशील गोष्टी झाकायची मुभा. करार 1997 पासून लागू आहे पण अशी आव्हान-तपासणी, म्हणजे एका देशाने दुसऱ्यावर संशय घेऊन मागितलेली तपासणी, आजवर एकदाही कोणी मागितलेली नाही.