डेडलाइन हुकली? आता निदान या चुका टाळा

पदव्युत्तर अभ्यासक्रमात किंवा पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये एखादी असाइनमेंट वेळेत न जाणं हे काही आक्रीत नाही. शिकवणाऱ्यांनी असे विद्यार्थी ढिगाने पाहिलेले असतात. एका हुकलेल्या तारखेने सहसा फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या आठ-दहा दिवसांत आपण जे करतो, किंवा करायचं टाळतो, त्यामुळे.

तोंड लपवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तारीख उलटली की मेल उघडायची धास्ती वाटते, मग वर्गात मागे बसावंसं वाटतं, मग वर्गच बुडवावासा वाटतो. मनातला बेत असा की आधी काम पुरं करू आणि फाईलसकटच मेल टाकू. काम पुरं होत नाही, मेल जात नाही आणि दोन दिवसांचा उशीर बघता बघता दोन आठवड्यांचा होतो. दोन दिवसांसाठी एक ओळ पुरली असती. आता मात्र मधल्या मौनाचाही खुलासा द्यावा लागतो, आणि तो लिहिणं असाइनमेंटपेक्षा जड जातं. त्यामुळे आधी मेल, मग काम.

मेल करायचं ठरलं की काही जण दुसरं टोक गाठतात: लॅपटॉप, नेट, पाहुणे, ताप, सगळी रामकहाणी. ती कोणालाच वाचायची नसते. एवढं पुरतं:

"नमस्कार मॅडम, संशोधन पद्धतीची दुसरी असाइनमेंट काल रात्रीपर्यंत द्यायची होती, ती माझ्याकडून राहिली. चारपैकी दोन प्रश्न झाले आहेत, ते सोबत जोडले आहेत. उरलेले शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत देतो. उशिराचे गुण कापले जातील याची कल्पना आहे. शुक्रवार चालेल का, कृपया कळवावं."

यात सगळ्यात जास्त काम करते ती जोडलेली अर्धी फाईल. तुम्ही खरोखर बसला होतात, याचा तो पुरावा. दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे दिवस आणि वेळ. 'लवकरात लवकर देतो' याला काही अर्थ नसतो, आणि समोरच्याला उत्तर काय द्यावं हेही कळत नाही.

हा शुक्रवार मात्र खरा हवा. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांच्या 1994 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत संपेल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे 55. तेव्हा मन बुधवार म्हणत असेल तर शुक्रवार लिहा. मुदतवाढ एकदा मागता येते. तीच मुदत पुन्हा हुकली की तुमच्या शब्दाची किंमत जाते.

आणि खोटं आजारपण नको. प्रमाणपत्र मागितलं की एका खोट्याला दुसरं जोडावं लागतं. आजारपण किंवा घरातलं संकट खरं असेल तर तपशील उगाळायची गरज नाही, पण विभागाच्या कार्यालयात रीतसर अर्ज लगेच करा. अशा अर्जांनाही मुदत असते, आणि मागाहून सवलत मिळवणं अवघड जातं.

'उशीर झालाच आहे, तर आता छानच करू'

हा विचार शहाणपणाचा वाटतो, पण कागदावर मांडून बघा. समजा असाइनमेंट 15 गुणांची आहे आणि नियम असा की दर दिवशी एकूण गुणांच्या 10 टक्के कपात, म्हणजे रोज दीड गुण. आज 11 गुणांचं काम हातात आहे. तीन दिवस उशिरा दिलंत तर साडेचार कापून साडेसहा राहतात. आणखी दोन दिवस घासूनपुसून ते 12 गुणांचं केलंत, तरी कपात साडेसात होते आणि हाती साडेचारच येतात. एका जादा दिवसाने काम दीड गुणाहून जास्त सुधारणार असेल तरच थांबण्यात अर्थ आहे, आणि तसं क्वचितच होतं.

नियम सगळीकडे सारखे नसतात. कुठे कपात मिळालेल्या गुणांतून होते, कुठे उशिरा आलेलं काम घेतलंच जात नाही. मूडलसारख्या पोर्टलवर देय तारीख वेगळी आणि त्यानंतर काहीच न स्वीकारण्याची अंतिम तारीख वेगळी ठेवता येते. कोर्सची माहितीपत्रिका पहिल्या आठवड्यानंतर कोणी उघडत नाही. ती आता उघडा.

याच गणितातून पुढची चूकही कळते. थकलेलं काम आधी संपवायच्या नादात उद्याची असाइनमेंटही बुडते. थकलेल्या कामाचे गुण रोज थोडे थोडे जातात, उद्याच्या कामाचे अजून सगळे शिल्लक आहेत. म्हणून बहुतेक वेळा उद्याचं आधी. थकलेल्या कामाची अंतिम तारीख अगदी जवळ असेल तरच क्रम उलटा. एखादी पाच गुणांची असाइनमेंट जाणूनबुजून सोडून देणंही माझ्या मते गैर नाही, फक्त आधी नियम वाचा. काही कोर्सेसमध्ये प्रत्येक असाइनमेंट देणं सक्तीचं असतं.

घाईतले घोळ

चुकीची फाईल चढवणं किंवा फाईल ड्राफ्ट म्हणूनच पडून राहणं, हे प्रकार नेहमीचे. अपलोड झाल्यावर फाईल तिथूनच उघडून पाहा आणि पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा. घाईघाईत कोणाचं तरी उचलणं मात्र वेगळ्याच जातीचं प्रकरण आहे. उशिराने गुण जातात, चोरीने शिस्तभंगाची चौकशी लागते. स्वतःची जुनी असाइनमेंट न विचारता पुन्हा देणंही अनेक विद्यापीठांत गैरप्रकारात मोडतं.

स्वतःला दोष देत रात्र घालवण्यानेही काही साधत नाही. मायकेल वोल, टिमोथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांच्या 2010 च्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली.

गाईडला दिलेली तारीख

प्रबंधाच्या प्रकरणाला पोर्टल नसतं, कपात नसते, आठवणही कोणी करून देत नाही. म्हणून हा उशीर सगळ्यांत लांबतो. इथली ठरलेली चूक म्हणजे 'अजून दाखवण्यासारखं काही नाही' म्हणत भेट पुढे ढकलणं. सरांना प्रकरण अपेक्षित होतं आणि तुमच्याकडे सहा विस्कळीत पानं आहेत, तर ती सहा पानं, प्रकरणाचा कच्चा आराखडा आणि जिथे अडलात तो एक प्रश्न घेऊन ठरल्या वेळी जा. काही गाईड चिडतात, हे खरं. तरी भेट संपण्याआधी पुढची तारीख ठरवून घ्या, आणि ती संपूर्ण प्रकरणाची न ठेवता एका विभागाची ठेवा.