रोटेशनलमध्ये अकरा दिवस

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीत, अकरावीच्या दिवाळीनंतर, मी फिजिक्समधल्या रोटेशनल मोशनला, म्हणजे वस्तूंच्या फिरण्याच्या धड्याला, हात घातला आणि अकरा दिवस तिथेच अडकलो. रोलिंगचं, म्हणजे वस्तू गडगडत जाण्याचं, गणित उघडायचं, उत्तर बघायचं, 'कळलं' म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित पुन्हा सुटायचं नाही. धडा अर्धवट सोडायला मन धजत नव्हतं. त्या दिवसांत बायोचं पुस्तक उघडलंही नाही. फिजिक्सला १८० गुण आणि बायोला ३६०, हे ठाऊक असूनही.

आता अकरावीची मुलं विचारतात, "दादा, एका टॉपिकला किती दिवस द्यायचे?" दिवसांचा आकडा मी सांगत नाही. आधी अडलंय कुठे ते शोधा. माझं घोडं पेंड खात होतं ते व्हेक्टर्समध्ये, म्हणजे दिशा असलेल्या राशींमध्ये. टॉर्क, म्हणजे बलाचा वस्तूला फिरवणारा परिणाम, हा आर क्रॉस एफ (आर अक्षापासूनचं अंतर, एफ बल), आणि क्रॉस प्रॉडक्टची दिशा कशी काढायची हेच कच्चं होतं. अशा वेळी पुढे नाही, मागे जायचं. दोन संध्याकाळी मी फक्त व्हेक्टर्स केले.

मग बघा, पुढचे कोणते धडे यावर उभे आहेत. टॉर्क आणि अँग्युलर मोमेंटम (फिरण्याचा संवेग) सोडून चालत नाही. ग्रहांच्या गतीबद्दलचा केप्लरचा दुसरा नियम अँग्युलर मोमेंटमच्या अक्षय्यतेतूनच येतो. बारावीत विद्युत क्षेत्रातला डायपोल आणि चुंबकीय क्षेत्रातली कॉइल, दोन्हीकडे टॉर्क लागतो. रोलिंगचं तसं नाही. थर्मोडायनॅमिक्स किंवा करंट इलेक्ट्रिसिटीला ते लागत नाही. म्हणून टॉर्क पक्का केला आणि रोलिंग सोडलं.

सोडताना वहीत पुढच्या महिन्यातली तारीख टाकली आणि खाली एक प्रश्न लिहिला, 'उतारावरून भरीव गोळा रिंगच्या आधी खाली का पोचतो?' हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसतं 'रोटेशनल कच्चं' लिहिलं असतं, तर परत आल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात झाली असती.

त्या तारखेला बसलो. रिंगचं सगळं वस्तुमान कडेला, म्हणून मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे फिरवायला होणारा विरोध, पूर्ण एम आर स्क्वेअर (एम वस्तुमान, आर इथे त्रिज्या). भरीव गोळ्याचा त्याच्या २/५. न घसरता गडगडत येताना रिंगच्या गतिज ऊर्जेतली निम्मी फिरण्यातच खर्च होते, गोळ्याची सातातले दोनच भाग. उरलेली पुढे सरकायला मिळते, म्हणून गोळा आधी पोचतो. हे कागदावर स्वतः मांडायला वीसेक मिनिटं लागली. मग अकरा दिवस छळलेली ती जुनी गणितं काढली आणि उत्तरं न बघता सोडवत गेलो.