'औषध घेतलं' एवढ्यावर केस पेपर थांबवू नका

मराठवाड्यात कापूस-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत कॅज्युअल्टीत नातेवाईक सांगतात, "औषध घेतलंय." आपल्याकडे औषध म्हणजे फवारणीचं, हे ऐकणाऱ्याला कळतं. पण कागदावर नुसतं 'औषध' उतरलं, की कोडिंग करणारा (आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड नोंदीला देणारा) ते गोळ्या-औषधांच्या टी३६ ते टी५० गटात टाकू शकतो, आणि शेतातलं विष नोंदीतून गायबच होतं. म्हणून एकाला लगेच घरी पाठवून डबा मागवा. लेबलवरचं रासायनिक नाव जसंच्या तसं लिहा, त्रिकोणाचा रंगही लिहा (लाल म्हणजे सर्वांत जहाल). लेबलवर विषावरचा उताराही छापलेला असतो, तो वाचाच.

आयसीडी-१० मध्ये ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशकं टी६०.०, तणनाशक टी६०.३, उंदराचं औषध टी६०.४. नाव नसेल तर टी६०.९, पण तो शेवटचा पर्याय.

याला जोडून बाह्य कारणाचा, म्हणजे विषबाधा कशी झाली ते सांगणारा, कोड हवाच, आणि खरी गफलत इथेच होते. फवारताना विषबाधा झाली तर एक्स४८, स्वतःहून घेतलं तर एक्स६८, हेतू ठरत नसेल तर वाय१८. घाईत किंवा घरच्यांच्या दबावाखाली 'अपघाती' लिहू नका, आणि मनानं 'आत्महत्येचा प्रयत्न'ही लिहू नका. कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, वेळेसह नोंदवा. रुग्ण शुद्धीवर आला की त्याला एकट्याला, मायेनं पुन्हा विचारा. उत्तर बदललं तर जुनी नोंद खोडू नका, खाली नवी लिहा.