अल्बम नेमका किती खपला? ‘कम ऑन ओव्हर’चा हिशोब लावताना

कॅनडाची कंट्री-पॉप गायिका शनाया ट्वेन हिच्या १९९७ च्या ‘कम ऑन ओव्हर’ या अल्बमबद्दल वाचायला घेतलं की दीड कोटी, २ कोटी आणि ४ कोटी प्रती असे खपाचे तीन आकडे समोर येतात. भरीला, अमेरिकेच्या मुख्य अल्बम यादीत तो कधीच पहिला आला नाही, हेही कळतं. गोंधळ होतो तो प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजत असल्यामुळे. म्हणून कुठलाही आकडा उचलण्याआधी तीन प्रश्न विचारा: काय मोजलं, कुठे मोजलं, कधीपर्यंत मोजलं?

सुरुवात प्रमाणपत्रापासून करा. अमेरिकेत ते आरआयएए ही ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना देते. ५ लाख प्रतींना गोल्ड, १० लाखांना प्लॅटिनम आणि १ कोटीला डायमंड. डायमंड हा दर्जा १९९९ मध्ये सुरू झाला. संघटनेच्या संकेतस्थळावर गायिकेचं नाव टाकलं की अल्बमसमोर तारीख आणि दर्जा दिसतो. ‘कम ऑन ओव्हर’ डिसेंबर २००४ मध्ये २० वेळा प्लॅटिनम झाला, म्हणजे २ कोटी. पण ही तारीख प्रमाणपत्राची असते. कंपनीने अर्ज करून, पैसे भरून हिशोब तपासून घेतल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. त्यामुळे ‘२००४ मध्ये २ कोटी खपला’ असं लिहिलं तर ते चुकलंच. तोवरचा एकूण आकडा त्या तारखेला नोंदला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय सीडीच्या काळातलं हे प्रमाणपत्र कंपनीने बाजारात पाठवलेल्या मालावर मिळायचं, त्यातून परत आलेल्या प्रती वजा करून. दुकानाच्या फळीवर पडून असलेली सीडीही त्यात धरली जायची.

काउंटरवरची खरी विक्री हवी असेल तर साउंडस्कॅनचा आकडा शोधा. १९९१ पासून ही यंत्रणा दुकानातल्या बारकोडवरून विक्री मोजू लागली आणि त्याच वर्षी बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाची अल्बम यादी, म्हणजे अमेरिकेची मुख्य यादी, तिच्यावर आधारली गेली. साउंडस्कॅनप्रमाणे ‘कम ऑन ओव्हर’ अमेरिकेत दीड कोटीच्या थोडा वर जातो. मग २ कोटींपर्यंतचा फरक कुठून आला? मोठा वाटा टपालाने सीडी घरी पाठवणाऱ्या म्युझिक क्लबांचा. साउंडस्कॅन त्यांची विक्री धरत नसे, आणि एकट्या बीएमजी या संगीत कंपनीच्या क्लबातून या अल्बमच्या जवळपास २० लाख प्रती गेल्या. बाकीचा फरक साउंडस्कॅनच्या जाळ्यात नसलेली दुकानं आणि पाठवलेला पण न विकलेला माल यांतून येतो.

सर्वांत मोठा सापळा डबल अल्बमचा आहे, आणि तो ट्वेनच्याच पुढच्या अल्बममध्ये स्वच्छ दिसतो. २००२ चा ‘अप!’ अमेरिकेत दोन डिस्कचा निघाला: लाल डिस्कवर पॉप रूप, हिरवीवर तीच गाणी कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण परंपरेतल्या संगीताच्या रूपात. एकूण लांबी १०० मिनिटांच्या पुढे गेली की आरआयएए प्रत्येक डिस्क वेगळी मोजते. त्यामुळे ‘अप!’ला ११ वेळा प्लॅटिनम मिळालं, पण गिऱ्हाइकांनी विकत घेतलेले संच साउंडस्कॅनप्रमाणे ५५ लाखांच्या आसपास. प्रमाणपत्रं शेजारी ठेवून तुलना करण्याआधी डिस्क किती, हे पाहाच.

यादीतला क्रमांक वाचताना सावध राहा. ‘कम ऑन ओव्हर’ ४ नोव्हेंबर १९९७ ला, मंगळवारी आला. पहिल्या आठवड्यात १ लाख ७२ हजार प्रती विकून तो २२ नोव्हेंबरची तारीख असलेल्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत दुसरा आला. यादीवरची तारीख विक्रीच्या आठवड्याच्या पुढे असते, म्हणून दोन्ही तारखा एकच धरू नका. तो तिथे त्याहून वर गेला नाही, पण कंट्री अल्बमांच्या यादीत ५० आठवडे पहिला राहिला. हा त्या अल्बमचा खरा पराक्रम. पहिल्या आठवड्याचा धमाका नव्हता. १६ पैकी १२ गाणी एकामागून एक सिंगल म्हणून, म्हणजे सुटी प्रसिद्ध होऊन, आली आणि खप जवळजवळ दोन वर्षं टिकला. नुसता सर्वोच्च क्रमांक पाहणाऱ्याला हे दिसतच नाही. सोबत किती आठवडे, हेही टिपा.

जगभरच्या ४ कोटींची पडताळणी देशवार करा. प्रत्येक देशाचा प्लॅटिनम वेगळा. त्या काळात कॅनडात डायमंड म्हणजे १० लाख. अल्बम दोनदा डायमंड, म्हणजे २० लाख. ब्रिटनमध्ये प्लॅटिनम ३ लाखांचा. ११ वेळा, म्हणजे ३३ लाख. ऑस्ट्रेलियात ७० हजारांचा. १५ वेळा, म्हणजे साडेदहा लाख. अमेरिकेसह बेरीज २ कोटी ६३ लाख ५० हजार होते. उरलेलं युरोप, आशिया आणि इतरत्र शोधावं लागतं. युरोपचं एकत्रित प्रमाणपत्र सापडलं तर त्यात ब्रिटन आधीच असतं. पुन्हा मिळवू नका. परदेशात १९९८ मध्ये फिडल (व्हायोलिन) आणि स्टील गिटार ही कंट्रीची वाद्यं मागे सारून पॉपकडे झुकलेली आवृत्ती निघाली, तीही याच अल्बमच्या खात्यात येते.

आजच्या अल्बमशी तुलना करायची असेल तर एक अडचण आहे. फेब्रुवारी २०१६ पासून आरआयएए १,५०० स्ट्रीम (इंटरनेटवरून गाणी ऐकण्याच्या वेळा) म्हणजे एक अल्बम धरते. त्या तारखेनंतर मिळालेल्या प्लॅटिनमचा आकडा सीडीच्या खपाशेजारी तसाच मांडू नका. आणि आकडा लिहिताना आधार सोबत लिहा, असा: ‘अमेरिका, २ कोटी, पाठवलेल्या प्रती, आरआयएए, डिसेंबर २००४’.