पद्मिनीतली धग आणि घुमणारा आवाज: कुठला थर कुठे लावायचा

प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळातली फियाट 1100 डी. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी 1964 पासून बनत होती, पद्मिनी हे नाव तिला 1974 च्या सुमारास मिळालं. 1089 सीसीचं इंजिन तसं गरीब आहे, पण ते आणि तुमचे पाय यांच्यामध्ये फक्त फायरवॉलचा एक पत्रा असतो. शिवाय गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलची थरथर थेट फ्लोअरच्या पत्र्यात उतरते आणि केबिन घुमू लागतं.

थर लावण्याआधी गाडी एकदा चालवून आवाज ओळखा. इंजिनाचे माउंटिंग रबर दबून गेलेले असतील, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस ढिला असेल किंवा सायलेन्सर फुटलेला असेल, तर कितीही शीट चिकटवा, पैसे वाया जातील. सायलेन्सरची गळती तर आधी बंद करायलाच हवी, कारण तो धूर विषारी असतो आणि फ्लोअरच्या भोकांतून आत येतो. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर टाकीचे होज आणि क्लिप बदला. वास फोमखाली दाबून टाकायचा नसतो.

साहित्य तीन प्रकारचं लागतं आणि तिन्हींची कामं वेगळी आहेत. पहिलं, 2 मिमीची ब्युटिल (चिकट रबराची) शीट, वर ॲल्युमिनियमची फॉइल असलेली. ती पत्र्याची थरथर मारते. दुसरं, 6 ते 10 मिमीचा बंद छिद्रांचा फोम, नायट्राइल रबराचा किंवा क्रॉसलिंक पॉलिइथिलिनचा. तो उष्णता अडवतो. तिसरं, जड विनाइल शीट. ती बाहेरून येणारा आवाज अडवते. ही शीट चौरस मीटरला साधारण 5 किलो भरते, म्हणून ती फक्त फायरवॉल आणि पुढच्या फ्लोअरलाच लावा. घराच्या छतावर गळती रोखायला वापरतात ती डांबरी पट्टी स्वस्त मिळते, पण उन्हात उभ्या गाडीत ती पाघळते आणि महिनोन्‌महिने डांबराचा वास सोडते. सीटचा साधा स्पंजही नको, तो पाणी पितो.

किती शीट लागेल ते अंदाजाने सांगू नका. वर्तमानपत्र अंथरून प्रत्येक भागाचा कागदी साचा कापा आणि बेरीज करा. फ्लोअर, टनेल (फ्लोअरच्या मधला उंचवटा), फायरवॉल, चार दरवाजे आणि छत धरून ब्युटिल साधारण 4 चौरस मीटर पुरते. फोम मात्र जवळजवळ सगळीकडे लागतो, त्यामुळे 6 ते 7 चौरस मीटर धरा. ब्युटिल चौरस मीटरला सुमारे 3 किलो असते. म्हणजे गाडीवर फक्त या शीटचा 12 किलो भार वाढतो.

आधी पत्रा

बॅटरीची वायर काढा. मग सीट, मॅट, कार्पेट, दरवाजांचे पॅनेल काढा आणि बोल्ट जागेनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. आता फ्लोअरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत फिरा. कुजलेला पत्रा बद्द वाजतो किंवा आत दबतो. तिथे नवीन तुकडा वेल्ड करून घ्या. गंजावर शीट चिकटवली की खालून पत्रा चाळणी होतो आणि ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

जुनी डांबराची शीट असेल तर हीट गनने ती चिघळते. त्यापेक्षा तिच्यावर कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) 10 ते 15 मिनिटं ठेवा आणि हातोडीने हलके ठोका, ती बिस्किटासारखी तुटते. हातात जाड मोजे घाला आणि चारही दरवाजे उघडे ठेवा, कारण कोरड्या बर्फाचा वायू बंद केबिनमध्ये जीव गुदमरवतो.

गंज वायर ब्रशने घासा, रस्ट कन्व्हर्टर लावा, मग प्रायमर. सांध्यांवर सीम सीलंट भरून पूर्ण वाळू द्या. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रॉकेलने पुसलं तर तेलाचा पापुद्रा राहतो आणि शीट कडेने उचलते.

भोकं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक काम हेच. दिव्याच्या वेळी एकाने इंजिनाच्या बाजूने फायरवॉलवर टॉर्च मारावी, दुसऱ्याने आत बसून बघावं. स्टिअरिंग कॉलम, गिअर लिंकेज, वायरिंग, स्पीडोमीटरची केबल, जिथे उजेड दिसेल तिथून धग आणि आवाज दोन्ही येतात. फुटलेले ग्रोमेट (भोकातली रबरी कडी) बदला. हलणाऱ्या लिंकेजभोवती फोम कोंबू नका, रबराचं बूटच घाला. फ्लोअरच्या ड्रेन भोकांची रबरी बुचं जागेवर हवीत, पण त्यांच्यावरून शीट नेऊ नका. पावसाळ्यात पाणी काढायला तीच कामी येतात.

ब्युटिल

बोटाने ठोका. जिथे पत्रा ढोलासारखा वाजतो तिथेच शीट हवी. सपाट भागाच्या मध्यावर 30 ते 40 टक्के जागा झाकली की घुमणं बसतं, पुढे फक्त वजन वाढतं. वळणावर आणि खोबणीत पत्रा मुळात ताठ असतो, तिथे शीट नको. शीटच्या फॉइलची धार ब्लेडसारखी कापते, हातमोजे काढू नका. छोटे तुकडे करून लाकडी रोलरने दाबा. वरची नक्षी पूर्ण सपाट झाली म्हणजे शीट बसली. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी काम असेल तर शीट आधी उन्हात ठेवा, थंड ब्युटिल धरत नाही.

आता चकाकत्या फॉइलबद्दल. तिने उष्णता परत फेकावी असं वाटत असेल तर तिच्यासमोर हवा हवी. फोम किंवा कार्पेटमध्ये दाबली की ती नुसता धातू उरते. म्हणून खरा उष्णतेचा पडदा गाडीखाली लागतो: एक्झॉस्टची नळी आणि फ्लोअर यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, फ्लोअरपासून 10 ते 12 मिमी अंतर राखून, स्पेसर घालून बोल्टने घट्ट. पाय भाजण्याच्या तक्रारीवर एवढ्या एका पत्र्याने जितका फरक पडतो, तितका आतल्या तीन थरांनी पडत नाही.

फोम, दरवाजे, छत

फोमचा एक तुकडा बाहेर नेऊन काडी लावून बघा. पेट घेऊन थेंब टपकत राहिले तर तो गाडीत घालू नका. सीटच्या बोल्टभोवती फोम गोल कापून काढा, रेल थेट पत्र्यावर बसली पाहिजे. फोमवर कसलेला बोल्ट महिन्याभरात ढिला होतो. सांधे एकमेकांना भिडवा, एकावर एक चढवू नका, कार्पेटला उंचवटे येतात.

दरवाजात फक्त बाहेरच्या पत्र्याला ब्युटिलचे दोन-तीन तुकडे. काच उतरण्याची वाट आणि तळाची ड्रेन भोकं मोकळी ठेवा. आत ज्यूट किंवा फेल्ट अजिबात नको, काचेच्या कडेने पाणी रोज आत उतरतं. पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर नवा लावा.

छताचं काम लायनिंगवाल्या कारागिराबरोबरच करा, ताणून बसवलेलं जुनं कापड काढताना फाटण्याची शक्यता मोठी. साधं सोल्यूशन मे महिन्यात मऊ पडून फोम लोंबतो. जास्त तापमानाचं स्प्रे ॲडहेसिव्ह दोन्ही बाजूंना मारा, कोरडं होऊ द्या, मग दाबा. छतावर 6 मिमीपेक्षा जाड फोम घातला तर लायनिंगच्या तारा बसत नाहीत.

कार्पेट टाकल्यावर तिन्ही पॅडल शेवटपर्यंत दाबून बघा. ॲक्सिलरेटर कार्पेटच्या कडेत अडकता कामा नये. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून तपासा.

पहिला मोठा पाऊस झाला की पुढचं कार्पेट उचलून फोमखाली हात घाला. ओल लागली तर पाणी बहुतेक विंडस्क्रीनच्या रबरातून येतंय.