कला शाखेत प्रवेश घेताना अनुदान कसे तपासावे

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो : बी.ए. करून पुढे काय? त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा, असे मी पालकांना आवर्जून सांगतो : मिळणाऱ्या जागेचा खर्च कोण उचलतो? विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहे का, ग्रंथालय चालते का आणि शिक्षकाला विद्यार्थ्यासाठी वेळ आहे का, यांवर कला शाखेच्या पदवीचे मोल ठरते, आणि या तिन्ही गोष्टी निधीशी बांधलेल्या आहेत.

सर्वांत आधी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन आपली तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे विचारावे. एकाच इमारतीत, एकाच विषयाच्या दोन तुकड्या दोन प्रकारच्या असू शकतात. अनुदानित तुकडीवरील मान्य पदांचे वेतन राज्य सरकार देते, तर विनाअनुदानित तुकडीचा भार मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कावर पडतो. शुल्काचा केवळ एकूण आकडा पाहून परतू नये. कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम आकारली आहे, हे लेखी मागून घ्यावे.

त्यानंतरचे काम घरबसल्या होते, पण ते फार थोडे लोक करतात. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयाने सादर केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल त्याच्या संकेतस्थळावर असतो. त्यात मंजूर पदे किती, त्यांपैकी पूर्णवेळ शिक्षक किती आणि पुस्तकांवर दरवर्षी किती खर्च झाला, हे आकडे सापडतात. आपल्या विषयाच्या विभागात पदे रिक्त असून अध्यापन तासिका तत्त्वावर चालत असेल, तर त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते, त्यामुळे त्याला एका महाविद्यालयातून दुसऱ्यात धावावे लागते. विद्यार्थ्याचा निबंध लाल शाईने तपासून त्यावर अर्धा तास बोलायला त्याने वेळ कुठून आणावा? यात त्या शिक्षकाचा दोष नाही, त्याच्यावर तर अन्यायच होतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून एवढेच विचारावे : तुमचे लेखन शेवटचे कोणी आणि कधी तपासून परत दिले?

खर्च कोण उचलतो, हा प्रश्न परदेशांत उघडपणे मांडला गेला. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून मानव्यविद्यांच्या, म्हणजे इतिहास, तत्त्वज्ञान यांसारख्या, बहुतेक विषयांसाठी खर्चातील विद्यार्थ्याचा वाटा दुपटीहून अधिक वाढवून वर्षाला १४,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर केला आणि परिचर्या (नर्सिंग), अध्यापन यांसारख्या अभ्यासक्रमांचा घटवला. इंग्लंडमध्ये २०१२ पासून शुल्काची मर्यादा ९,००० पौंडांवर गेली, तेव्हा मानव्यविद्यांच्या अध्यापनासाठीचे सरकारी अनुदान जवळजवळ थांबले. आपल्याकडे अशी घोषणा होत नाही. पद रिक्त राहते आणि विषय हळूहळू कोमेजतो. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तेच उद्दिष्ट पुन्हा लिहावे लागले.

त्या धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली आहे. तीन वर्षांच्या पदवीसाठी १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्ससाठी १७६ श्रेयांक (क्रेडिट) लागतात. संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. आपल्या विषयाचे चौथे वर्ष त्या महाविद्यालयात आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी गोवर्धन येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पर्याय खुला आहे.

राहिला पदवीच्या उपयोगाचा प्रश्न. त्यासाठी मुलाला किंवा मुलीला घेऊन एकदा पांडवलेणी चढावी आणि दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यातील ब्राह्मी लेखासमोर उभे राहावे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले : २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट आहे. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, असे लेख सांगतो; हिशेब चोख जुळतो. हा लेख वाचायला लिपी, प्राकृत, इतिहास आणि अर्थशास्त्र एकत्र लागतात. तो वाचलेला विद्यार्थी पुढे हेही विचारू शकतो की, २०१७ पासून केंद्रीय शिक्षणसंस्थांना इमारती आणि उपकरणांसाठी उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्थेमार्फत कर्ज दिले जाते, तेव्हा ठेव आणि कर्ज यांत विद्येच्या दृष्टीने काय फरक पडतो. असे प्रश्न विचारता येणे, हे मला पदवीचे खरे काम वाटते, आणि प्रशासन, पत्रकारिता, वकिली, अनुवाद या क्षेत्रांत त्याच कौशल्यावर माणसे उभी राहतात.

प्रवेश निश्चित झाल्यावर राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज लांबणीवर टाकू नये. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा, बँक खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री करावी आणि शुल्काची प्रत्येक पावती जपून ठेवावी.