दोन फ्रिगेटांची जोड फरशीवर कशी मांडावी

कुस्तीची जोड ठरवताना कोल्हापुरातले जाणते लोक आधी वजन पाहतात, मग उंची पाहतात, आणि शेवटी पहिलवानाची मेहनत कोणत्या तालमीत व किती वर्षे झाली आहे ते विचारतात. शिडांच्या काळातील दोन फ्रिगेटांची, म्हणजे लढाऊ जहाजांची, एकास एक लढाई समजून घ्यायची असेल, तर हेच प्रश्न विचारावेत. मात्र तेथे वजनाच्याही आधी वाऱ्याचा प्रश्न येतो. काही वर्षांपूर्वी मी घराच्या सोप्यात मुलांना अशी लढाई प्रथम मांडून दाखवली, तेव्हा वाऱ्याची खूणच काढली नव्हती. परिणामी सगळा वेळ कोणाच्या तोफा किती हे मोजण्यात गेला, आणि ज्या लढाईत तोफा जवळजवळ सारख्या होत्या ती पंधरा मिनिटांत निकाली कशी झाली, हे कोणालाच कळले नाही. त्यानंतर मांडणीची जी पद्धत बसत गेली, ती येथे देत आहे.

फ्रिगेट म्हणजे तीन डोलकाठ्यांचे, तोफांचा एकच मुख्य मजला असलेले वेगवान लढाऊ जहाज होय. टेहळणी करणे, व्यापारी तांड्याची राखण करणे, शत्रूची जहाजे पकडणे अशी कामे ते बहुधा एकट्याने करीत असल्यामुळे एकट्या फ्रिगेटीची गाठ दुसऱ्या एकट्या फ्रिगेटीशी पडण्याचे प्रसंग वारंवार येत. मांडणीसाठी १ जून १८१३ रोजी बोस्टनजवळच्या समुद्रात झालेली ब्रिटिश ‘शॅनन’ आणि अमेरिकन ‘चेसापीक’ यांची लढाई निवडावी. आपल्याकडच्या समुद्रातील लढाया निवडण्याचा मोह होतो, आणि तो चुकीचा नाही. २८ फेब्रुवारी १७९९ रोजी बंगालच्या उपसागरात ब्रिटिश ‘सिबिल’ने ‘फोर्ट’ ही मोठी फ्रेंच फ्रिगेट रात्रीच्या अंधारात जिंकली, आणि मार्च १८०८ मध्ये ‘सान फिओरेन्झो’ व ‘पिएमोंतेझ’ यांची झुंज तीन दिवस चालली. परंतु पहिल्या लढाईत जहाजे असमान आहेत आणि दुसरी फार लांबते. शॅनन आणि चेसापीक ही मात्र खरी बरोबरीची जोड आहे. दोघींच्याही मुख्य मजल्यावर १८ पौंडी (१८ पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) तोफा होत्या, वरच्या डेकवर ३२ पौंडी कॅरोनेड, म्हणजे जवळून मारा करणाऱ्या आखूड तोफा, होत्या, आणि एकूण तोफा पन्नासच्या आसपास होत्या. चेसापीकवर माणसे थोडी अधिकच होती.

साहित्य घरातलेच पुरते. लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा, खडू, मोजण्याची टेप, कंपासपेटीतला कोनमापक, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि वाटीभर ज्वारी एवढे जमा करावे. फरशीवर एक सेंटिमीटर म्हणजे समुद्रावरचे तीन मीटर असे प्रमाण धरावे. फ्रिगेटीचा तोफांचा मजला सुमारे १५० फूट लांब आणि जहाज सुमारे ४० फूट रुंद असे, म्हणून पुठ्ठ्याची जहाजे पंधरा सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद कापावीत. या प्रमाणाचा मोठा फायदा असा की, एक नॉट (तासाला एक सागरी मैल) वेगाने जाणारे जहाज फरशीवर एका मिनिटात जवळजवळ बरोबर दहा सेंटिमीटर सरकते, त्यामुळे कोणतेही गणित न करता टेप ठेवून जहाज पुढे नेता येते. पुठ्ठ्याच्या एका टोकाला नाळ, म्हणजे जहाजाचा पुढचा भाग, म्हणून टोक काढावे, दुसरे टोक सपाट ठेवावे, आणि उजव्या बगलेला लाल रेघ मारावी. ही रेघ पुढे फार कामाला येते. जहाजाचे खरे रूप डोळ्यांपुढे आणायचे असेल तर ‘ट्रिंकोमाली’ची छायाचित्रे पाहावीत. शॅनन ज्या लेडा वर्गातली (एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांतली), त्याच वर्गातली ही फ्रिगेट मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधली गेली, १८१७ साली पाण्यात उतरली, आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगती आहे.

आता वारा. फरशीच्या पश्चिम कडेपासून पूर्वेकडे जाणारा एक लांब बाण खडूने काढावा. कोल्हापुरात राहणाऱ्याला हा बाण समजावून सांगावा लागत नाही, कारण जूनपासून घाटावरून येणारा वारा हाच असतो. तरीही मांडणीच्या आदल्या संध्याकाळी मुलांना रंकाळ्याच्या काठी नेऊन पाण्यावरच्या लाटा कोणत्या काठावर आपटतात ते पाहायला लावावे आणि वाऱ्याकडे तोंड करून चालताना छत्री कशी उलटते ते आठवायला सांगावे. मग कोनमापकाने एक पुठ्ठ्याचा तुकडा कापावा, ज्याचा कोन १३५ अंश असेल. आडव्या शिडांचे जहाज वाऱ्याच्या रोखापासून साधारण साडेसदुसष्ट अंशांपेक्षा जवळ नाळ ठेवून पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे बाण ज्या दिशेने येतो त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना मिळून १३५ अंशांचा हा सगळा भाग जहाजाला बंद असतो. तुकड्याचे टोक जहाजावर ठेवून त्याची मधली रेघ वाऱ्याच्या बाणाला समांतर धरली, की जाता येणाऱ्या आणि न येणाऱ्या दिशा लगेच दिसतात. चुकून नाळ या बंद कोनात शिरली तर शिडे उलटी फुगतात, जहाज थांबते, सुकाणू ऐकेनासे होते आणि जहाज हळूहळू मागे सरकू लागते. हे वाक्य मुलांकडून दोनदा म्हणून घ्यावे, कारण चेसापीकचा घात याच कोनाने केला.

वाऱ्याचे हे बंधन आपल्या लोकांनाही ठाऊक होते. कोल्हापूर दरबाराच्या आरंभीच्या काळात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात गुराबा (शिडांची लढाऊ जहाजे) फार मोठ्या नकोत व फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, असा स्पष्ट सल्ला दिलेला आहे. वल्ह्यांवर चालणारी गलबते आणि किनाऱ्याचा आसरा यांवर लढणाऱ्या आरमाराला तोच सल्ला योग्य होता. मालवण कोल्हापूरकरांच्या हातून इंग्रजांकडे गेले ते १८१२ साली, आणि ज्या ब्रिटिश-अमेरिकन युद्धात ही दोन जहाजे भिडली तेही त्याच वर्षी सुरू झाले. आपल्या मुलांना काळाचे भान देण्यासाठी एवढे सांगितले तरी पुरते.

जहाजे फरशीवर ठेवण्यापूर्वी अर्धा तास अंगणात घालवावा. एका जड पाटावर वाळूचे पोते ठेवावे, दोन्ही बाजूंना दोर बांधावेत, आणि आठ-नऊ जणांना त्या ‘तोफे’भोवती उभे करावे. खरी १८ पौंडी तोफ सुमारे दोन टनांची असे आणि तिचा गोळा आठ किलोंहून थोडा अधिक भरे. तोफ मागे उसळल्यावर ओल्या बोळ्याने नळी पुसणे, दारूची पिशवी आत सारणे, गोळा घालणे, डाट ठोकणे, दोर ओढून तोफ पुन्हा खिडकीतून बाहेर काढणे, कान्यावाटे (तोफेच्या मागच्या बारीक छिद्रातून) पिशवी टोचणे, त्या छिद्रात दारू भरणे, नेम धरणे आणि मग बत्ती देणे, एवढी कामे ओळीने करवून घ्यावीत आणि घड्याळ लावावे. पहिल्या खेपेला सगळे एकमेकांच्या अंगावर येतात आणि कोणीतरी डाट ठोकायला विसरतो. सातव्या-आठव्या खेपेला बोलणे आपोआप बंद होते, प्रत्येकाचा हात आपल्या जागी जातो आणि वेळ पुष्कळ कमी होतो. मुरलेली माणसे दोन मिनिटांच्या आत पुन्हा तोफ डागू शकत. धूर, आवाज आणि जखमी सोबती आजूबाजूला असताना तोच वेळ राखणे हीच खरी मेहनत होती.

शॅननच्या कप्तानाने, फिलिप ब्रोकने, ही मेहनत सात वर्षे करवून घेतली होती. १८०६ पासून तो त्याच जहाजावर होता. त्याने तोफांवर नेम धरण्याच्या खुणा बसवल्या, प्रत्येक तोफेच्या मागे डेकवर अंशांच्या रेघा कोरल्या, आणि धुरामुळे गोलंदाजाला समोरचे दिसत नसले तरी हुकूम येताच सर्व तोफांचे तोंड एकाच जागी वळवता येईल अशी व्यवस्था केली. पाण्यात पिंपे सोडून त्यांवर नेमबाजी चालत असे. पकडलेली व्यापारी जहाजे बंदरात नेऊन विकली असती तर बक्षिसाची रक्कम मिळाली असती, परंतु ती न्यायला आपली शिकलेली माणसे द्यावी लागतील म्हणून त्याने कित्येक जहाजे जाळून टाकली. मला या लढाईतले हेच सर्वांत मोठे काम वाटते. उलट बाजूला चेसापीकचा कप्तान जेम्स लॉरेन्स शूर आणि यशस्वी होता, त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याने ‘हॉर्नेट’ या जहाजावरून ब्रिटिश ‘पीकॉक’ बुडवली होती. पण चेसापीकचा ताबा त्याला मिळून काही आठवडेच झाले होते आणि त्या माणसांनी त्याच्या हाताखाली एकत्र तालीम केलेली नव्हती.

आता जहाजे मांडावीत. शॅनन फरशीच्या मध्यावर, नाळ दक्षिणेकडे करून ठेवावी, म्हणजे वारा तिच्या उजव्या बगलेवर, लाल रेघेवर येईल. फरशीच्या या दिशा केवळ आपल्या सोयीच्या आहेत. वारा शॅननच्या उजवीकडून येतो आणि चेसापीक वाऱ्याच्या बाजूने जवळ येते, एवढे पक्के राखावे. चेसापीक शॅननच्या मागे एक मीटर, थोडी पश्चिमेला ठेवावी. शॅननचा वेग दोन नॉट आणि चेसापीकचा चार नॉट धरावा आणि प्रत्येक पाळी अर्ध्या मिनिटाची ठेवावी: शॅनन दहा सेंटिमीटर, चेसापीक वीस सेंटिमीटर.

पाचव्या-सहाव्या पाळीला येथे थांबावे. या ठिकाणी लॉरेन्सला शॅननच्या पिछाडीमागून आडवे जाऊन जहाजाच्या लांबीभर गोळे घालता आले असते. पिछाडीकडून आलेला गोळा नाळेपर्यंत मजला झाडत जातो आणि उलट उत्तर द्यायला तेथे जवळजवळ तोफाच नसतात. त्याने तसे केले नाही. तो सरळ उजव्या बगलेला येऊन भिडला. दोन जहाजांमध्ये तेरा सेंटिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे खऱ्या समुद्रावरचे चाळीस मीटरांच्या आतले अंतर होईल. जहाजाच्या स्वतःच्या लांबीपेक्षाही हे कमी आहे. खासबागेच्या कुस्ती मैदानात सर्वांत पुढे बसणाऱ्याला पहिलवानांच्या अंगावरची माती दिसते, तितक्या जवळून या माणसांनी एकमेकांना पाहिले असले पाहिजे.

येथून पुढे शॅननच्या तोफा एकदम डागू नयेत. तिच्या उजव्या बगलेच्या मुख्य मजल्यावर चौदा तोफा होत्या आणि ब्रोकचा हुकूम असा होता की समोर लक्ष्य आले की ज्याने त्याने नेम धरून तोफ डागावी. म्हणून चेसापीक पुढे सरकेल तसतशी शॅननची मागची तोफ आधी, मग तिच्या पुढची, असे एकेका बोटाने दाखवत जावे. चेसापीकची नाळ शॅननच्या पिछाडीला लागल्यापासून तिची पिछाडी शॅननच्या नाळेपुढे जाईपर्यंत, दोन नॉटांच्या फरकाने, फक्त दीड मिनिट लागते हे घड्याळावर दाखवावे. वेग कमी केला नाही तर आपली दुसरी सरबत्ती होण्याआधीच जहाज पुढे निघून जाणार, हा लॉरेन्ससमोरचा पेच होता, आणि वेग मोडण्यासाठी नाळ थोडी वाऱ्याकडे वळवणे हा त्यावरचा उपाय होता. नेमक्या त्याच वेळी चेसापीकचे सुकाणू धरणारे मारले गेले, चाक मोडले आणि पुढच्या शिडांचे दोर तुटले. आता तिची नाळ पश्चिमेकडे वळवत न्यावी, वळवत न्यावी, आणि पुठ्ठ्याचा कोन वर ठेवून दाखवावे की ती बंद भागात शिरली आहे. तिला मागे सरकवत आणावे. तिची पिछाडी शॅननकडे तोंड करून उघडी पडली आहे आणि लाल रेघेवरच्या तोफा तिच्या आत तिरकस मारा करीत आहेत, हे पाहिल्यावर सोप्यात बहुधा कोणी काही बोलत नाही.

चेसापीकची डावी पिछाडी शॅननच्या पुढच्या भागाला टेकली की तोफांचे काम संपते. ब्रोक स्वतः माणसे घेऊन चेसापीकवर चढला आणि डोक्यावर तलवारीचा गंभीर घाव बसूनही वाचला. लॉरेन्स त्याआधीच जायबंदी होऊन खाली नेला गेला होता. जहाज सोडू नका, असे तो सांगत राहिला, आणि ४ जूनला मरण पावला. पहिल्या तोफेपासून चेसापीकचे निशाण उतरेपर्यंत सुमारे पंधरा मिनिटे गेली. जिंकलेली चेसापीक ६ जूनला ब्रिटिशांच्या हॅलिफॅक्स बंदरात नेली गेली.

ज्वारीचा एक दाणा म्हणजे दहा माणसे, या हिशेबाने सुरुवातीलाच शॅननवर तेहतीस आणि चेसापीकवर अडतीस दाणे ठेवलेले असावेत. आता शॅननवरून आठ आणि चेसापीकवरून चौदा-पंधरा दाणे उचलावेत; मेलेले आणि जखमी मिळून हा आकडा आहे. दाणे मूठभर एकदम उचलू नयेत, एकेक उचलून वेगळ्या वाटीत टाकावेत, आणि हे काम सर्वांत लहान मुलाला न देता मोठ्याने करावे.

दुसऱ्या खेपेला लॉरेन्सची ती हुकलेली चाल खेळून पाहावी: चेसापीक शॅननच्या पिछाडीमागून आडवी न्यावी. त्या वेळी वाऱ्याचा बाण आणि दोघींचे वेग तेच ठेवावेत, शॅननला मात्र प्रत्येक पाळीला सुकाणू वळवण्याची मुभा द्यावी, आणि चेसापीकच्या बाजूला अंगणात सर्वांत कमी सराव झालेले गोलंदाज बसवून त्यांचीच घड्याळावरची वेळ तिच्या तोफांना लावावी.